मच्छरदाणीतले कांदे

औरंगाबाद, ४ जानेवारी १९९८

उमा,

'प्रिय' लिहून खोटेपणा करणार नाही, आणि खुशाली विचारून शाई घालवणार नाही. नऊ वर्षांनी लिहिते आहे ते एका प्रश्नासाठी. उत्तर लगेच पाठव.

आईचे दिवस झाल्यावर तू स्वयंपाकघर आवरायला घेतलंस आणि तिनं शिंकाळ्यात राखून ठेवलेले फर्दापूरचे कांदे, मला न विचारता, टोपलीत भरून बाहेर फेकून दिलेस. ती टोपली नेमकी कुठं रिकामी केलीस?

भांडण उकरून काढायचं नाही. ते पुरलेलं नव्हतंच. मला फक्त जागा हवी आहे.

आता कारण ऐक. निवृत्त झाल्यापासून मी मधमाश्यांसाठी बाग केली आहे. हसून घे. अख्खी कॉलनी हसते. लोक गुलाब लावतात, मी धने, बडीशेप, सब्जा, मोहरी असलं लावते आणि फुलावर आलं की काढत नाही, तसंच ठेवते. परवा समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी फाटकाशी उभं राहून विचारलं, "मॅडम, भाजीला नाही, पूजेला नाही, मग हे सगळं कोणासाठी?" मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी. तुमच्याकडे कोणी येत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही." लिंबाच्या झाडावर फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं मोहळ लागलं आहे. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याखाली बसते आणि त्या मला काहीही करत नाहीत. शिकलेल्या माणसांपेक्षा त्यांचं वागणं बरं.

तर खुलताबादच्या डोंगरावरून मी रानकांद्याचे गड्डे आणले होते. ते विषारी, खायचे नसतात. पण ऐन उन्हाळ्यात एकही पान नसताना त्यांचा नुसता फुलांचा दांडा वर येतो आणि माश्यांना तेव्हा दुसरं काही मिळत नाही. ते लावायला म्हणून हौदामागची घाणेरी काढली. इतकी वर्षं नोकरीच्या पाळ्यांमुळे तिकडे बघितलंच नव्हतं. झुडूप निघालं आणि खाली बघते तर पात! मला वाटलं, इथंही रानकांदाच आहे. पण रानकांद्याची पात चपटी. ही गोल, आतून पोकळ. चुरडून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कांदा होता, पाणी येणारच. गैरसमज नको.

एक उकरून पाहिला. लिंबाएवढा, पांढरा, मान बारीक. उमा, असा कांदा मी आईच्या शिंकाळ्याबाहेर कुठं पाहिलेला नाही. तोच आहे असं मन म्हणतं. पण जन्म ट्रंक एक्स्चेंजात गेला माझा. पलीकडच्यानं नाव सांगितल्याशिवाय मी कॉल जोडत नाही. म्हणून विचारते.

फोन करू नकोस. फोनवर माणसं किती खोटं बोलतात ते मी रोज ऐकत होते.

कालिंदी विनायक पाठक


१५ जानेवारी

उमा,

कार्ड मिळालं. "हौदामागं. आणि टोपली नव्हती, सूप होतं." नऊ वर्षांनी एवढंच? आमच्या वेळी तारेतसुद्धा लोक जास्त बोलायचे. आणि टोपलीच होती. सुपात कोंब आलेले कांदे भरून कोणी नेत नाही.

पण हौदामागं! कार्ड वाचलं आणि मी चपला न घालता बागेत धावले. हा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. आईचेच आहेत, उमा! ना पाणी, ना खत, ना कोणाचं लक्ष. मोरीचं साबणाचं पाणी तिकडे झिरपतं, त्यावर जगले. घाणेरीच्या काट्यांमुळे शेळ्या आत शिरल्या नाहीत. फर्दापूरहून आजोळच्या पिशवीतून आलेले, घरात वाढलेले कांदे रानटी होऊन बसलेत! आता कोणी त्यांना रानकांदे म्हटलं तर मी दुरुस्त करणार नाही. त्यांनी ते नाव कमावलं आहे.

आता काळजीचं सांगते. घाणेरी काढल्यावर त्यांना मोकळं ऊन आणि थंडी लागली, आणि सगळ्यांनी एकदम डेंगळे काढलेत. फुलांचे दांडे वर येताहेत, टोकाला पांढऱ्या पडद्यात बांधलेला गोंडा. दिसायला सुरेख. पण आई काय म्हणायची आठवतं? "कांदा फुलला की कांदा संपला." खालचा गड्डा पोकळ होतो, दांड्याला सगळं देऊन टाकतो. कोपऱ्यातला एक तेवढा फुलायचं नाव घेत नाही. बाकी सगळे या उन्हाळ्यात जाणार. म्हणजे या फुलांतून बी धरलं तरच आईचा कांदा राहील. नाहीतर नऊ वर्षं जगून तो माझ्या स्वच्छतेनं मेला, असं होईल.

पण धरेल! माश्या कशासाठी पाळल्यात मी? कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा निसर्गाच्या तासाला परागीभवनाचं पान आलं की दोन पानं एकदम उलटायच्या आणि थेट बीवर यायच्या. त्यामुळे अर्धा वर्ग बी देवदूत आणून ठेवतात असं समजत होता. आता साठाव्या वर्षी ते राहिलेलं पान मी माझ्या बागेत बसून बघणार आहे.

तुझ्या मंजूच्या लग्नाची पत्रिका तेव्हा मिळाली होती. पोस्टाचा दोष नाही.

कालिंदी


२७ जानेवारी

उमा,

मी संतापले आहे, त्यामुळे अक्षर बघू नकोस.

कुंपणापलीकडे काकासाहेबांचं शेत आहे. तू ओळखतेस, चिकलठाण्याकडून विमान आलं की बैल बुजतात म्हणून विमानतळावर तक्रार द्यायला गेले होते ते. त्यांनी या हंगामात एका कंपनीसाठी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट घेतला आहे. लाल कांदा. वाफेच्या वाफे गोंड्यांवर आलेत. मी मनाशी खूश होते, माझ्या माश्यांना मेजवानी.

आज सकाळी ते फाटकात. टोपी हातात, म्हणजे काहीतरी मागायला आले हे मी ओळखलं.

"बाई, तुमचे ते हौदामागले डेंगळे तोडून टाका."

"का म्हणून?"

"कंपनीचा मानूस पाहून गेला. म्हनला, आसपास दुसरा कांदा फुललेला चालत नाय. माशी तुमच्या फुलावरून माझ्या फुलावर बसंल, बी भेसळ व्हईल, प्लॉट फेल."

"मग माझ्या माशीला समजावून सांगा. मला कशाला सांगता?"

"बाई, चेष्टा नका करू. दहा-बारा डेंगळे हायेत तुमचे. माझा समदा हंगाम हाय."

मी म्हटलं, "काकासाहेब, तुमच्याकडे हजारो गोंडे आहेत. माझ्याकडे माझ्या आईचे उरलेले तेवढेच आहेत. तुमचा प्लॉट फेल झाला तर पुढच्या वर्षी दुसरा घ्याल. हा फेल झाला तर तो पुन्हा कोणती कंपनी देणार?"

त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "जबान लई तिखट तुमची. त्या कांद्याचंच खाल्लं वाटतं लहानपनी." निघाले. मग फाटकातून वळून, "मी तोडनार नाय, बाई. पर कंपनीचा रामकिसन सुपरवायजर येईल सोमवारी, तो काय मला इचारून तोडनार नाय."

बघ! माझ्या आवारात येऊन माझ्या आईचे कांदे तोडायचे? मी कुलूप आणलं आहे. फाटकाला साखळी घातली आहे. माझी बाग, माझ्या माश्या, त्या कुठं बसतात ते त्या ठरवतील. मला या वयात कोणी कांद्या-कांद्यातलं अंतर शिकवू नये.

तुला काही विचारत नाही. फक्त सांगते आहे.

कालिंदी


४ फेब्रुवारी

उमा,

तुझं कार्ड सोमवारी सकाळीच आलं, रामकिसन यायच्या आधी. "माशी एकाच बाजूला जाते का, ताई?"

ते वाचून पहिल्यांदा मी कार्ड टेबलावर आपटलं. काकासाहेबांची बाजू घेतेस? मग चहा ठेवला. चहा उतू गेला, कारण मी तिथं उभी असूनही तिथं नव्हते. अगं, खरंच की! माझ्या दहा-बारा गोंड्यांची भेसळ त्याच्या वावरात होईल ती चिमूटभर. पण त्याच्या हजारो लाल गोंड्यांचे पराग माझ्या पांढऱ्यावर येणार, त्याचं काय? मी माश्यांच्या स्वातंत्र्यासाठी भांडत होते आणि त्या माश्या आईच्या कांद्यात पायलीनं लाल कांदा ओतणार होत्या. बी धरलं असतं, मी आनंदानं पेरलं असतं, आणि वर आलं असतं ते दुसऱ्याचंच.

सिस्टर बेनेडिक्टांनी ती दोन पानं उलटायला नको होती.

तेवढ्यात पलीकडून वास आला. औषधाचा. बाहेर पडले तर काकासाहेबांचा गडी पाठीवर पंप घेऊन भर सकाळी फुलांवर फवारत होता, आणि लिंबाखाली माश्या पडायला लागल्या होत्या. उमा, त्या एकदम मरत नाहीत. पाठीवर पडून गोल गोल फिरतात. मी त्या स्टीलच्या ताटलीत गोळा केल्या आणि साखळी काढून तशीच त्यांच्या अंगणात गेले. काकासाहेब आणि त्यांची द्वारकाबाई न्याहारीला बसले होते. मी ताटली मधोमध ठेवली.

काकासाहेब म्हणाले, "फुलकिडे पडलेत, बाई. औषध नको मारू तर काय आरती ओवाळू त्यांची?"

"ओवाळा! पण सकाळी मारलंत तर फुलात बसलेली माशी मरते. माशी मेली तर तुमच्या गोंड्यात बी कोण भरणार? कंपनीचा साहेब येऊन प्रत्येक फुलाला बोट लावणार आहे?"

द्वारकाबाईंनी भाकरी खाली ठेवली. नवऱ्याला म्हणाल्या, "मागल्या साली आर्धे गोंडे पोचट निघाले व्हते. तव्हा म्हनलात कंपनीचं बेणंच वाईट." काकासाहेबांनी हात धुतला. मग ताटलीतल्या माश्यांवर त्यांनी आपल्या टोपीची सावली धरली. उन्हानं काय फरक पडणार होता? पण माणसाचा हात कधी कधी त्याच्या जिभेपेक्षा शहाणा असतो.

रामकिसन आला तोवर आमचा तह झाला होता. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकलवरचा, कानाला रुमाल बांधलेला. मी त्याला बसवून सांगितलं : माझे गोंडे मी झाकणार. एकही माशी आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. काकासाहेब फुलं असेपर्यंत औषध मारायचं झालं तर दिवस मावळल्यावर मारतील, माश्या घरी गेल्या की. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "झाकणार कशानं, मॅडम?"

हा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडच्या मच्छरदाणीला उंदरांनी खिडक्या पाडल्या आहेत. तात्पुरत्या आईच्या दोन जुन्या जाड सुती साड्या काठ्यांवर टाकल्यात. जी थोडी फुलं आधीच उमलली होती ती नखं कापायच्या कात्रीनं एकेक काढून टाकली. बाकीच्या कळ्या अजून बंद आहेत. पण साडीतून उजेड जात नाही. फार दिवस ठेवता येणार नाहीत.

काही सुचलं तर लिही. एक ओळ चालेल. तुझ्या एका ओळीचा अनुभव आहे मला.

कालिंदी


९ फेब्रुवारी

उमा, उमा!

एस.टी.च्या पार्सल खिडकीवरून फोन आला तेव्हा मला वाटलं चुकून आला. तुमच्या अमरावतीच्या गाडीनं माझ्या नावाचं काय येणार? उघडलं तर मच्छरदाणी! डबल बेडची, निळ्या काठाची, तुझ्या लग्नात आईनं दिलेली. एक भोक नाही. तू ती कधी वापरलीच नाहीस की काय? मधुसूदनरावांना डास चावू दिलेस तीस वर्षं?

चिठ्ठी नाही आत. मी घडी पुन्हा पुन्हा झटकून पाहिली. ठीक आहे. कळलं.

काकासाहेबांनी चार बांबू पुरून दिले. म्हणाले, "बाई, नवरा-नवरीचा मांडव वाटतो." आता हौदामागं आईचे कांदे निळ्या काठाच्या मच्छरदाणीत उभे आहेत, साहेबाच्या बायकोसारखे. कॉलनीतल्या मुलांनी विचारलं, कांद्याला मलेरिया झाला का? मी सांगितलं, हो, आणि जो आत हात घालेल त्याला होईल.

आता नवी अडचण. माशी आत जाणार नाही तर बी कसं धरणार? मी पाण्याच्या रंगांचा ब्रश घेऊन बसते, या फुलावरून त्या फुलावर. पण एका गोंड्यात शेकडो फुलं, रोज वेगळी उमलणार, आणि माझा चष्मा. माशी एका मिनिटात करते ते मला सकाळभर पुरतं. त्या बिचाऱ्यांना मी इतके दिवस फुकटात राबवत होते.

रामकिसन आज तपासायला आला होता. बघून हसला. म्हणाला, "मॅडम, कंपनीत जाळीच्या आत घाणीवरच्या माश्या सोडतात." मी म्हटलं, "माझ्याकडे भरपूर आहेत, पण त्या काकासाहेबांच्या फुलावर बसून आलेल्या." तो म्हणाला, "म्हणूनच आतच जन्माला घालायच्या. बाहेर न गेलेल्या." आणि मग कशात जन्माला घालायच्या ते त्यानं हळूच सांगितलं. हळू, कारण माझ्या दारात तुळस होती आणि त्यानं माझं आडनाव वाचलं होतं.

मी अजून ठरवलेलं नाही. म्हणजे ठरवलं आहे, पण लिहायला धीर होत नाही.

कालिंदी


२२ फेब्रुवारी

उमा,

आईच्या घरात मासा आला.

बस. लिहिलं. आता सगळं सांगते.

द्वारकाबाईंना बरोबर घेऊन शहागंजात गेले. मासळीच्या ओळीत मी आयुष्यात पाय टाकला नव्हता. नाकाला पदर लावून एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे जायकवाडीच्या मासळीची मुंडकी मागितली. तो म्हणाला, "बाजी, मुंडीयां मत लेव, अच्छी मच्छी है, बच्चे खाते." मी म्हटलं, "बच्चों के वास्ते नहीं, मक्खियों के वास्ते होना." तो द्वारकाबाईंकडे बघायला लागला. द्वारकाबाई म्हणाल्या, "बराबर बोलतात त्या. देव की बाबा." त्यानं पुडी बांधताना शेजाऱ्याला सांगितलं ते मी ऐकलं : "बड़े घर की है बिचारी, अकेली रहती होंगी."

मुंडकी फुटक्या मडक्यात घालून कुंपणाजवळ उघडी ठेवली. माश्या यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी अंडी. मग आळ्या. मडक्यातली एकेक बसलेली माशी हाकलून, तोंडाला जाळी बांधून मी ते मच्छरदाणीत नेऊन ठेवलं आणि काठ मातीत दाबून टाकले. वास असा की काकासाहेबांचा कुत्रा माझा जन्माचा मित्र झाला आहे. समोरच्या गृहस्थांनी लेखी तक्रार दिली : "आपल्या घरातून मांसाहारी वास येतो." मी खाली लिहून परत केली : "मी खात नाही, बागेला देते."

आत मडकं नेताना मी मोठ्यानं म्हटलं, "आई, जरा तिकडे बघ." काकासाहेब कुंपणापलीकडे होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "बघत नसंल ती. तिलाबी बी पायजेच की."

आणि आज! आज सकाळी मडक्याच्या तोंडाची जाळी काढली आणि माश्या निघाल्या! हिरव्या-निळ्या, काचेसारख्या चकचकीत, पंख अजून ओले. एक उडून सरळ गोंड्यावर बसली. मग दुसरी. त्यांनी काकासाहेबांचं वावर पाहिलेलं नाही, त्यांना जगात दुसरा कांदा आहे हेच माहीत नाही. पायाला पराग लागलेले दिसत होते, उमा, पिवळे, मला चष्म्यातून दिसत होते! मी साठीची बाई, घरात माशी दिसली की रॉकेलचा फडका घेऊन धावणारी, आज मच्छरदाणीबाहेर बसून टाळ्या वाजवत होते. द्वारकाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला काही झालं.

बाहेर मोहळातल्या माश्या काकासाहेबांच्या लाल फुलांवर. आत या. दोघांच्या मध्ये तुझी मच्छरदाणी.

तू बघायला हवी होतीस. हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

ताई


१७ मार्च

उमा,

घाबरू नकोस, सांगते.

परवा दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा आल्या. वारा असा की मच्छरदाणी एका बांबूवरून सुटून शिडासारखी फुगली. आत हिरवी बोंडं, अजून पिकायची, दांडे काचेसारखे ठिसूळ. मी पळाले, एका टोकाला लटकले. मला वाटलं मीच उडते. काकासाहेब कुंपणावरून उडी मारून आले. त्या वयात, धोतर नेसून! मी ओरडले, "तुमचा प्लॉट बघा!" ते म्हणाले, "वावरावर काय पांघरू, बाई? हे तरी धरतो!" द्वारकाबाईंनी घरातली गोणपाटं आणली. आम्ही तिघं तिथं गारांखाली मच्छरदाणीवर गोणपाट धरून उभे, एकमेकांना शिव्या देत. द्वारकाबाई गारांना देत होत्या. त्यांना येतात त्यातल्या अर्ध्या मला कॉन्व्हेंटात कोणी शिकवल्या नाहीत, त्या मी आता पाठ केल्यात.

अर्ध्याहून जास्त दांडे मोडले. मी गोळा करून पाहिले, आत बी दुधाळ, हिरवट. ते गेले. त्यांच्याही वावराची एक कड झोपली.

उरलेले उभे आहेत. कमी आहेत पण उभे आहेत. कालपासून वरची बोंडं पिवळी पडायला लागली. एक फुटलं, आणि आत काळं. काळं, टोकदार, बंदुकीच्या दारूसारखं! तुला तार करावीशी वाटली. मग म्हटलं, तारमास्तर विचारेल, "मजकूर काय?" आणि मी सांगणार, "बी काळं झालं." तो पोलिसांना बोलावेल.

तुझं अंतर्देशीय मिळालं. पहिल्यांदाच पूर्ण भरलेलं. त्याचं उत्तर या पत्रात देत नाही. वेगळं लिहीन. मंजूच्या मुलीचा फोटो मात्र कपाटात नाही ठेवला, टेबलावर ठेवला आहे. नाक आईचं.

ताई


२० जून

उमा,

उत्तराला उशीर झाला. मी बिया धरून होते, एवढं कारण पुरे.

आधी बातम्या. काकासाहेबांचा प्लॉट पास झाला! रामकिसननं गोंडे चोळून बघितले, बी ठासून भरलेलं. कंपनीचा साहेब म्हणाला, यंदा औषध कोणतं वापरलं? काकासाहेबांनी कुंपणाकडे बोट केलं. पुढच्या साली बांधाला धने आणि बडीशेप टाकणार आहेत, माश्यांसाठी. मला सल्ला विचारायला आले, टोपी डोक्यावर ठेवून. मी ओळखलं, या वेळी मागायला नाही आले. जाता जाता म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा, मच्छरदानी लई पावली."

आता आईचं बी. चहाच्या कपाचा तळ झाकेल एवढं निघालं. मी ते रोज उघडून बघते. वाळवलं, पाखडलं. पाखडायला सूप हवं म्हणून माळ्यावर चढले, आणि तिथं काय सापडलं? आईची टोपली. धूळ बसलेली, आत तिच्या स्टोव्हच्या वाती आणि जुनं पंचांग. म्हणजे ती टोपली कधी घराबाहेर गेलीच नव्हती.

सूपच होतं. झालं समाधान? मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तुझ्या अंतर्देशीयात तू लिहिलं आहेस, की त्या दिवशी कांदे फेकताना तुला वाटलं, आईच्या हातचं सगळं सडत चाललंय, आणि ते तुला बघवत नव्हतं. उमा, ते सडत नव्हते. कोंब येत होते. पण त्या दिवसांत दोन्ही सारखंच दिसतं, हे मला आता कळतं. मीही नीट बघितलं नव्हतं. मी फक्त ओरडले होते.

कांद्याचं बी वर्षाच्या वर टिकत नाही, म्हणून या पावसात पेरायलाच हवं. अर्धं मी इथं वाफ्यात टाकते आहे, हौदाजवळच. कपाटात ठेवून आईची आठवण काढण्यापेक्षा मोरीचं पाणी प्यालेलं बरं, हे त्या कांद्यांनीच मला शिकवलं. बाकीचं अर्धं पुडीत बांधून या पाकिटात आहे. पुडी हलकी आहे, उघडताना शिंकू नकोस.

आणि कोपऱ्यातला तो एक कांदा आठवतो, जो फुललाच नाही? तो तसाच आहे, घट्ट, पांढरा. मी काढून शिंकाळ्यात टांगला आहे. पुढच्या महिन्यात कांदेनवमी. आई चातुर्मासात कांदा खायची नाही, म्हणून त्या दिवशी आपल्या दोघींना पोट फुटेस्तोवर भजी करून घालायची. या वर्षी कांदा एकच आहे. भजी अर्धी तुझी, अर्धी माझी. आली नाहीस तर मी तुझी अर्धी समोरच्या गृहस्थांना देईन, आणि ते तुला सहन होणार नाही. मधुसूदनरावांनाही आण, मच्छरदाणी परत न्यायला कोणीतरी लागेल, आणि त्यांना तिचा फार वर्षांचा उपयोग राहिलाय.

आता पुडीबद्दल. कुंडीत माती चाळून, खत घालून, पुस्तक वाचून पेरायचं नाटक करू नकोस. तुला झाडं जगवता येत नाहीत. तुझी तुळससुद्धा दोनदा मेली. मोरीच्या मागं, जिथं कोणी बघत नाही तिथं जा आणि सुपानं फेक. तू फेकलेलं जगतं, हे मी पाहिलं आहे.

तुझी,
ताई